टी-लाइट घरी कराव्यात का? आधी हिशेब, मग कृती

साध्या, पांढऱ्या, बिनवासाच्या टी-लाइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या वाटीतल्या बुटक्या मेणबत्त्या, घरी करून पैसे वाचत नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना दिवाळीत गॅलरीच्या कठड्यावर लावायला शंभरेक नग हवे आहेत त्यांनी सरळ बाजारातून पाकीट आणावं आणि तो रविवार चकल्यांसाठी राखून ठेवावा.

तरीही घरी करायला तीन चांगली कारणं आहेत. घरात अर्धवट जळलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे साठलेत, हे एक. जळून रिकाम्या झालेल्या वाट्या तुम्ही टाकून देत नाही, हे दुसरं. आणि सुगंधी टी-लाइट आवडतात पण भेटवस्तूंच्या दुकानातला भाव पाहून हात मागे येतो, हे तिसरं. यातलं एकही लागू होत असेल तर पुढे वाचा.

हिशेब

भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून खालचे आकडे फक्त गणित समजावं म्हणून धरलेत. तुमच्याकडचे भाव घालून पुन्हा मांडा.

नेहमीची टी-लाइट साधारण 38 मिलिमीटर व्यासाची असते आणि तिच्यात 12 ग्रॅमच्या आसपास मेण बसतं. म्हणजे एक किलो मेणात, सांडलवंड धरून, 80 नग होतात. पॅराफिन मेण 180 रुपये किलो धरलं तर एका नगाला 2 रुपये 16 पैशांचं मेण लागलं. अ‍ॅल्युमिनियमच्या शंभर वाट्या 200 रुपयांना मिळाल्या तर वाटीचे 2 रुपये. चकतीसकट तयार वाती शेकडा 120 धरल्या तर वातीचा 1 रुपया 20 पैसे. झाले 5 रुपये 36 पैसे. गॅस, टिश्यू आणि दोन-चार फसलेले नग धरून पावणेसहा म्हणा. आणि 50 नगांचं तयार पाकीट 200 रुपयांना पडलं तर तिथे नग 4 रुपयांना येतो. तुमची दुपार अजून धरलेलीच नाही.

कारखान्याला हे स्वस्तात जमतं याचं कारण फक्त घाऊक खरेदी नाही. तिथे बहुतेक टी-लाइट ओतून करतच नाहीत. मेणाचा बारीक रवा करतात आणि यंत्र तो साच्यात दाबून त्याची वडी पाडतं. निवायला थांबायचं नाही, सांडायचं नाही. स्वस्तातली टी-लाइट नखाने खरवडली की मेण भुरभुरतं ते त्यामुळेच. या यंत्राशी आपण पातेलं आणि सांडशी घेऊन स्पर्धा करू नये.

आता दुसरी बाजू. वाट्या जुन्या वापरल्या तर नगामागचे 2 रुपये गेले. मेणही उरलंसुरलं असेल तर आणखी 2 गेले. राहिला वातीचा खर्च आणि थोडा गॅस, म्हणजे दीड-पावणेदोन रुपये. इथे बाजार मागे पडतो.

सुगंधी नगाचा हिशेब असा: सोयाचं मेण 400 रुपये किलो धरलं तर नगाला 4 रुपये 80 पैसे, सुगंधी तेल पाऊण ग्रॅम म्हणजे पावणेदोन-दोन रुपये, वाटी आणि वात मिळून 3 रुपये 20 पैसे. दहा रुपयांत नग तयार. असाच नग दुकानात चांगल्या खोक्यात घालून 20-25 रुपयांना मिळत असेल तर घरी करण्यात फायदा आहे. फक्त थर्मामीटर, वजनकाटा आणि ओतायचं भांडं यांचा एकदाचा खर्च होतो, तो पहिल्या खेपेत भरून निघत नाही. वजनकाटा बहुतेक स्वयंपाकघरांत असतोच. थर्मामीटर मात्र घ्याच.

मेण कोणतं

टी-लाइट पेटल्यावर थोड्याच वेळात वाटीतलं सगळं मेण पातळ होतं. अ‍ॅल्युमिनियम उष्णता झटकन कडेपर्यंत नेतं आणि मेण जागेवर धरून ठेवायचं काम वाटी करते. म्हणून टी-लाइटला कडक मेण लागत नाही. उभ्या मेणबत्तीसाठी पॅराफिनमध्ये स्टिअरिक अ‍ॅसिड घालून ते टणक करतात. दुकानदार तुम्हालाही ते घ्यायला सांगेल. टी-लाइटसाठी त्याची गरज नाही, पैसे वाचवा.

पॅराफिन म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना निघणारं मेण. आपल्या देशात आसाममधल्या दिग्बोई आणि नुमालीगड इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत ते होतं, बाहेरूनही येतं. किराणा-केमिकलच्या दुकानांत लाद्यांच्या किंवा दाण्यांच्या रूपात मिळतं. दाणे घ्या, लादी फोडताना घरभर कपचे उडतात. बहुतेक पॅराफिन 58 ते 60 अंशांच्या आसपास वितळतं. सोयाचं मेण म्हणजे सोयाबीनचं तेल हायड्रोजनच्या प्रक्रियेने घट्ट केलेलं. ते 50 अंशांच्या आसपास वितळतं, सुगंध चांगला धरतं, सांडलं तर साबणाच्या गरम पाण्याने निघतं. थंडीत त्याच्यावर पांढुरकी बुरशीसारखी नक्षी येते. ती बुरशी नसते, मेणाचे स्फटिक असतात, जळण्यात काही फरक पडत नाही. मधमाशीचं मेण सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात महाग. टी-लाइटमध्ये ते घालणं म्हणजे निव्वळ हौस.

सोयाचं मेण काजळी धरत नाही आणि पॅराफिन विषारी, असं जाहिरातीत वाचाल. काजळी दोन्हींची धरते. वात जाड असेल किंवा पंख्याचा वारा लागत असेल तर जास्त धरते. खिडकी उघडी ठेवा आणि वात नीट निवडा.

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केट ते मस्जिद बंदर या पट्ट्यात फिरलात तर मेण, वाट्या, वाती, रंग असं सगळं एका फेरीत मिळू शकतं. ऑनलाइनही मिळतं, पण मेण जड असल्यामुळे पोचवण्याचा खर्च आधी बघा.

वात आणि तिच्या बुडाची चकती

या कामात सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचं. तयार वात हातात घेऊन बघा. खाली पत्र्याची लहानशी गोल चकती असते आणि तिच्या मध्यभागी उभी नळी, जिच्यात वात आवळून बसवलेली असते. ही नळी फक्त वात उभी राहावी म्हणून नाही. मेण संपत आलं की पातळी खाली जाते. नळीच्या आतल्या वातीला मेण चढत नाही आणि ज्योत बुडाशी पोचायच्या आत विझते. नळी नसती तर ज्योत शेवटच्या थेंबापर्यंत जळत राहिली असती आणि कोरडी वाटी नको इतकी तापली असती. म्हणून नुसता सुती दोरा मेणात उभा करून केलेली टी-लाइट पेटते खरी, पण ती धड विझेल याची खात्री नाही. देवघरातली फुलवात वाटीत टेकवायचा मोहही टाळा. ती तेला-तुपासाठी असते, भराभर जळते आणि वाटीत पसरते.

38 मिलिमीटरच्या वाटीत पॅराफिनसाठी बारीक वात लागते, सोयासाठी तिच्याहून एक नंबर जाड. प्रत्येक कंपनीचे नंबर वेगळे असतात, तेव्हा दुकानात "टी-लाइटची वात" असंच मागा आणि कुठल्या मेणासाठी तेही सांगा. पहिल्यांदा दोन जाडीच्या थोड्या थोड्या घ्या.

जुन्या चकत्या पुन्हा वापरता येतात. वाटी गरम पाण्यात धरली की चकती सुटते. नळीतला जळका तुकडा सुईने काढायचा, नवी वात घालायची आणि पकडीने नळी हलकेच दाबायची. सुटी वात विकत घेतली असेल तर ती आधी मेण पाजून घ्यावी लागते. वितळलेल्या मेणात तुकडा बुडवला की त्यातून बारीक बुडबुडे येऊ लागतात. ते थांबले की वातीने पोटभर मेण प्यायलं. मग बाहेर काढून बोटांनी ओढून सरळ करायची आणि बटर पेपरवर सुकवायची.

कामाला लागण्याआधी

मेण तापवणं म्हणजे तळणाचं तेल तापवण्यासारखंच आहे, तितकंच सोपं आणि तितकंच बेभरवशाचं. थेट आचेवर मेण कधीही ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं आणि मेणाचं भांडं त्या पाण्यात बसवायचं. असं ठेवलेलं मेण 100 अंशांपुढे जाऊच शकत नाही, पाणी आटू दिलं नाही तर. पाणी आटतं कधी? तुम्ही फोन घ्यायला आत गेलात की. म्हणून मेण गॅसवर असेपर्यंत स्वयंपाकघर सोडायचं नाही.

मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटलेलं मेण चहूकडे उडतं. गॅस बंद करा आणि भांड्यावर घट्ट बसणारं झाकण सरकवा. ते झाकण काम सुरू करतानाच ओट्यावर काढून ठेवा. लहान मुलांना वाट्या मांडायला, रंग निवडायला घ्या, ओतायला नको. ओढणी, सैल बाह्या बाजूला. आणि मेणासाठी वापरलेलं भांडं परत आमटीला वापरायचं नाही. भंगारात जाणारी जुनी चहाची किटली मिळाली तर उत्तम, तिच्या चोचीतून धार बारीक पडते.

कृती

परातीत वर्तमानपत्र पसरून वाट्या ओळीने मांडा. जुन्या वाट्या असतील तर आधी गरम पाण्यात धुऊन, आतली काजळी पुसून, पूर्ण कोरड्या करून घ्या. चेपलेल्या किंवा भोक पडलेल्या वाट्या बाजूला काढा. मांडलेली परात पुन्हा हलवावी लागू नये अशा जागी ठेवा आणि पंखा बंद करा.

पहिल्या खेपेला पाव किलोच मेण घ्या, वीस वाट्यांना पुरतं. ते किटलीत घालून उकळत्या पाण्यात ठेवा, मध्यम आच. पॅराफिन पूर्ण वितळून 75 ते 80 अंशांवर आलं की गॅस बंद करा. सोयाचं मेणही 75 पर्यंत तापवा, पण ओताल ते 60 च्या आसपास आल्यावर.

सुगंध घालायचा तर आता. मेणाच्या वजनाच्या 6 टक्के, म्हणजे पाव किलोला 15 ग्रॅम, वजन करून. चमच्याचा अंदाज नको. दोन मिनिटं शांतपणे ढवळा, फेटू नका. मेणबत्तीसाठीचं सुगंधी तेलच हवं. कपाटातलं अत्तर किंवा स्प्रे चालत नाही, त्यात स्पिरिट असेल तर गरम मेणात ते धोक्याचं आहे आणि वासही टिकत नाही. जास्त तेल घातलं की जास्त वास येतो हेही खरं नाही. मेणाला जेवढं धरता येतं त्यापलीकडचं तेल वर सुटतं आणि ज्योत धुरकट होते. मोगरा, केवडा, चंदन हे आपल्याकडे हमखास आवडणारे वास. पण जेवणाच्या टेबलावर बिनवासाचीच लावा, वरणभातावर लिंबू-तुपाचा वास यायला हवा, लॅव्हेंडरचा नाही.

रंगाबाबत एवढंच: मुलांचे मेणखडू वितळवून घालू नका. त्यातली रंगाची पूड वातीत अडकते आणि ज्योत मिणमिणती होते. मेणबत्तीचा तेलात विरघळणारा रंग चिमूटभर पुरतो.

किटली पाण्यातून काढलीत की आधी तिचं बूड आणि बाजू फडक्याने कोरड्या करा. बुडाचा एक थेंब वाटीत पडला तरी पुढे ती टी-लाइट तडतडते, कधी विझतेही. मग बारीक धारेने वाट्या भरा, काठाखाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून. काठोकाठ भरलेली वाटी उचलताना सांडते आणि जळताना ओघळते.

वात मेण ओतल्यावर घालायची. आधी चकती ठेवून वर धार धरली की चकती तरंगून कडेला जाते. ओतल्यावर काही मिनिटांत काठाशी पांढुरकी साय धरू लागते. ती दिसली की वात चकतीच्या बाजूने खाली सोडा, बुडाला टेकवा, मध्यावर आणा. त्या वेळी मेण इतपत दाट झालेलं असतं की वात कलत नाही. एका वेळी दहा-बाराच वाट्या भरा, नाहीतर शेवटच्या ओळीपर्यंत पोचाल तोवर मेण घट्ट झालेलं असेल. किटलीतलं मेण जाडसर होऊ लागलं तर पुन्हा पाण्यात ठेवा.

निवायला दोन-तीन तास, खोलीतच. फ्रीजमध्ये ठेवलं की मेण आकसून कडेपासून सुटतं, तडेही जातात. वातीभोवती हलकासा खळगा पडेल, मेण गोठताना आकसतंच. टी-लाइटमध्ये तो भरायची गरज नसते. शेवटी वात मेणापासून 5-6 मिलिमीटर वर ठेवून कापा. उरलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. कागदी कपात ओतून ठेवा, पुढच्या खेपेला कागद सोलून वापरता येतं.

एक जाळून बघायची

वीसपैकी एक स्टीलच्या ताटलीत ठेवून, दुसऱ्या दिवशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत जाळा. पेटवल्याची वेळ लिहा. अर्ध्या-पाऊण तासात मेण काठापर्यंत पातळ व्हायला हवं. ज्योत लहान होऊन मेणात बुडत असेल तर वात बारीक आहे. ज्योत उंच, फडफडती, वातीच्या टोकाला काळा गोळा आणि धूर असेल तर वात जाड आहे. ठीक जमलेली टी-लाइट साडेतीन-चार तास चालते. शेवटची दहा मिनिटं समोर बसून बघा: चकती मध्यावर आहे का आणि ज्योत आपोआप विझते का. हे पटलं की मगच किलोभर मेण काढा.

जुन्या मेणबत्त्यांचं मेण वापरणार असाल तर ही चाचणी प्रत्येक खेपेला करा. कारण त्या मिश्रणात काय काय आहे कुणालाच माहीत नसतं. तुकडे रंगांप्रमाणे वेगळे करून वितळवा, लाल-हिरवं एकत्र केलं की मातकट तपकिरी होतं. वितळल्यावर जुन्या सुती फडक्यातून किंवा जाळीच्या गाळणीतून गाळा. वातीचे जळके कण आणि काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे राहिले तर तेच दुसरी वात होतात आणि वाटीत दोन-तीन ठिकाणी ज्योत धरते. वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यांना साखर-क्रीम चिकटलेलं असतं, त्या टाकूनच द्या.

पणतीत मेण भरलं तर?

दिवाळीच्या प्रदर्शनांत मेण भरलेल्या मातीच्या पणत्या दिसतात आणि घरी करायचा मोह होतो. कच्च्या रंगाच्या किंवा न रंगवलेल्या पणतीत मेण मुरतं आणि जळताना बुडातून पाझरतं, फरशीवर तेलकट गोल उठतो. आतून झिलई असलेली पणती घ्या किंवा अ‍ॅल्युमिनियमची वाटी तशीच पणतीत बसवा. दुसरा उपाय दिसायला तितकाच छान आणि संपल्यावर नुसती वाटी बदलायची. रुंद तोंडाच्या पणत्यांत वात जास्त जाड लागते, टी-लाइटची चालत नाही.

लावताना दोन टी-लाइटमध्ये चार बोटं तरी अंतर ठेवा. रांगोळीत जवळजवळ मांडल्या की एकमेकींना तापवतात आणि मेण गरजेपेक्षा गरम होतं. वाटीचं बूडही तापतं, तेव्हा लाकडी टेबल, प्लास्टिकचा ट्रे, कापडी तोरणाखालची जागा टाळा. विझलेली काडी वाटीत टाकायची सवय असेल तर ती सोडा.

विकायचा विचार असेल तर

साध्या नगांवर बाजाराशी भांडता येणार नाही, हे वरच्या हिशेबात दिसलंच. सुगंध, रंग, सणाचं पॅकिंग यावरच किंमत मिळते. आणि त्यात स्वतःच्या तासांची मजुरी आधी धरायची, नंतर नाही. या कामात हाताची सवय किती उपयोगी पडते हे बघायचं तर महाबळेश्वरचं उदाहरण आहे. भावेश भाटिया यांनी 1994 मध्ये तिथे सनराइज कँडल्स हा मेणबत्त्यांचा उद्योग सुरू केला. ते स्वतः दृष्टिहीन आहेत आणि त्यांच्या उद्योगात दृष्टिहीन कारागीरच मेणबत्त्या करतात.

डाग आणि साठवण

कपड्यावर मेण पडलं तर लगेच चोळू नका. बर्फ लावून ते कडक करा, नखाने किंवा चमच्याने काढा. मग डागाच्या दोन्ही बाजूंना टिश्यू ठेवून कोमट इस्त्री फिरवा, उरलेलं मेण टिश्यूत उतरतं. ओट्यावरचं मेण थंड झाल्यावर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा.

सुगंधी टी-लाइट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कपाटात ठेवा. सोयाच्या असतील तर आठवडाभर मुरू द्या, वास चांगला उठतो. गणपतीच्या सुमारास करून ठेवलेल्या दिवाळीला नीट चालतात. मात्र सोयाच्या टी-लाइट मे महिन्यात कुरियरने विदर्भात पाठवू नका. बाहेर 45 अंश असताना बंद टेम्पोत त्याहून जास्त तापतं, आणि नागपूरच्या पत्त्यावर वाट्या एकीकडे, वाती दुसरीकडे आणि खोक्याला मेणाचं अस्तर असं पार्सल पोचतं. उन्हाळ्यात पाठवायच्याच असतील तर पॅराफिनच्या करा.